कापलेलं कडवं

माझे वडील मेल्यानंतर विद्वान झाले. जिवंत होते तोवर ते स्वारगेटच्या स्टँडवर खिडकीआड बसून गाड्यांच्या घोषणा करायचे आणि जमेल तेव्हा कविता लिहायचे. आता त्यांच्यावर एक जाडजूड पुस्तक आहे. कवीच्या राज्यविचारावर कोणकोणत्या तत्त्वज्ञांचा प्रभाव पडला, हा त्याचा विषय. पुस्तकात एक ग्रीक आहे, एक घाबरट इंग्रज आहे, एक कुणालाच न समजणारा जर्मन आहे आणि आपल्याकडचा वेदान्तही आहे. लेखकाचं म्हणणं असं, की ही सगळी मंडळी आमच्या दोन खोल्यांत मुक्कामाला होती. मला त्यातलं कुणी कधी दिसलं नाही, आणि आमच्याकडे एवढ्या पाहुण्यांना पुरतील इतके कपही नव्हते.

हे पुस्तक लिहिणाऱ्यांना मी सर म्हणते. त्यांनी मला कधी शिकवलेलं नाही, पण पुण्यात त्यांना सगळेच सर म्हणतात. मला त्यांचा राग होता, असं काही मऊ लिहिणार नाही. मला त्यांच्यावर सूड घ्यायचा होता. नववीत असल्यापासून घ्यायचा होता आणि मी तो घेतला.

वडील पूर्वेकडचे, यवतमाळच्या बाजूचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि सदाशिव पेठेतल्या एका गल्लीत भाड्याने राहिले. त्या गल्लीत संध्याकाळी उभ्या स्कूटरींच्या मधून पोरं लपाछपी खेळायची. बाबांच्या गावी खेळात ज्याने बाकीच्यांना शोधायचं त्याच्यावर डाव यायचा. इथली पोरं ओरडायची, "राज्य कुणावर? याच्यावर राज्य!" बाबा खिडकीत उभे राहून ऐकत राहिले आणि मग आत येऊन आईला म्हणाले, "आयकलं का, इथं राज्य कोणालेच नाही पायजे." हे माझ्या जन्माआधीचं, आईने सांगितलेलं. पुण्यात जन्मलेल्या माणसाला त्या शब्दात काही ऐकू येत नाही. आम्ही लहानपणी हजारदा म्हणालो असू, राज्य आलं, राज्य गेलं, माझ्यावर सारखं राज्य येतं, मी नाही खेळणार. बाहेरून आलेल्या माणसाला तो शब्द खडा लागावा तसा लागला.

दिवसभर ते स्टँडच्या खिडकीत असायचे. गाडी उशिरा आली की लोक त्यांनाच सरकार समजून बोलायचे. खड्डे, डिझेल, मंत्री, मोडलेला पंखा, सगळ्याचा जाब त्याच खिडकीत. खिडकीतून हात घालून एकाने एकदा त्यांची कॉलरही धरली होती. घरी आले की चपला काढताना म्हणायचे, "आज दिवसभर राज्य माझ्यावर होतं." आई म्हणायची, आता जेवून घ्या, मग करा राज्य. आम्ही हसायचो. त्यांची राज्याची सगळी कल्पना या दोन खिडक्यांमधून आलेली होती, एक घरची आणि एक स्टँडवरची. ते म्हणायचे, राज्य कुणी मिळवत नसतं, ते शेवटी उरलेल्यावर येतं. बाकीचे सुटतात आणि लपतात. मग ज्याच्यावर राज्य तो एकटा पडतो, आणि एकटा पडला की वेड्यासारखा वागायला लागतो. म्हणून लोकांनी अधूनमधून मागून येऊन त्याच्या पाठीत धप्पा घालायचा असतो. त्याने राज्य उलथत नाही, पुन्हा त्याच्यावरच येतं, पण लोक आहेत एवढं तरी त्याला कळतं.

यावर त्यांनी कविता लिहिली. नाव होतं 'राज्य कुणावर'. पहिल्या कडव्यात गल्ली होती, पोरं होती, राज्य कुणावर ते ठरवायला तळहात उलटेसुलटे टाकून चकणं होतं. दुसरं कडवं असं:

एकेक सुटला, आपापल्या जागी गेला.
उरलो मी.
राज्य माझ्यावर आलं
आणि कुणीच दिसेना.
आता मागून एखादी थाप पडावी
एवढ्याच आशेवर उभा आहे.

सर तेव्हा एक मासिक चालवायचे. लहान मासिक, पण त्यात छापून आलं की माणूस कवी ठरायचा. बाबांनी कविता पाठवली. स्वच्छ लिहिलेली एकच प्रत होती, तीच पाठवली. कच्चे कागद रद्दीत गेले. काही महिन्यांनी अंक आला. त्यात पहिलं कडवं नव्हतं. नावही बदललेलं होतं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'राज्यसंस्था'.

बाबांना वाटलं, छापताना काही गडबड झाली. म्हणून एका रविवारी ते सरांकडे गेले. मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेहून त्यांच्याबरोबर परत येत होते, तशीच युनिफॉर्मवर गेले. सरांकडे चार-पाच शिष्य बसलेले होते. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही.

"पहिलं कडवं मी काढलं," सर म्हणाले. "बालिश होतं."

"पण सर, त्याच्याशिवाय पुढचं..."

"पुढचं बरं आहे. त्यात विचार आहे. आपलं वाचन कमी पडतं हो. राज्यावर लिहायचं, तर राज्याबद्दल आजवर कोण काय म्हणालंय ते नको माहीत?" मग त्यांनी चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं. "आपण स्टँडवर असता ना? गाड्या सोडता? छान. वेळेवर सोडत चला."

शिष्य हसले. बाबाही हसले, आणि तेच मला सहन झालं नाही. पोरांच्या खेळात लहानग्या भावंडाला कच्चं लिंबू म्हणून घेतात. तो पळतो, लपतो, सगळं करतो, पण त्याला मोजत कुणी नाही. सरांनी त्या दिवशी माझ्या बापाला कच्चं लिंबू केलं, आणि माझ्या बापाने मान डोलावून ते मान्य केलं.

रस्त्याने मी रागाने रडत होते. बाबा म्हणाले, "जाऊ दे ना बाई. त्यांच्यावर मासिकाचं राज्य हाये, ते काय करतील?" हे त्यांचं मोठेपण असेल. ते मला त्यांच्याकडून मिळालं नाही आणि मी कधी मागितलंही नाही.

नंतर त्यांनी कुठेच काही पाठवलं नाही. लिहायचे, वाचून दाखवायचे आणि फाडायचे. दुसरं त्यांनी काय केलं, तर वाचनालयात नाव घातलं. सर वाचन कमी म्हणाले होते ना. ग्रीक त्यांनी मराठीतून अथपासून इतिपर्यंत वाचला. इंग्रज वाचला. जर्मन अर्ध्यात परत केला आणि म्हणाले, हा माणूस स्टँडवर एक दिवस टिकणार नाही. म्हणजे प्रभाव असलाच, तर तो कविता छापून झाल्यावरचा आहे, आणि तो सरांच्या अपमानाचा आहे. पहिलं कडवं मात्र ते दाढी करताना म्हणायचे, गालाला साबण लावून, आरशाकडे बघत. तसंच ते मला पाठ झालं.

मी पुढे राज्यशास्त्रच शिकले. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये शिकवते. राज्याचे घटक चार, लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व, हे फळ्यावर लिहून लिहून माझा खांदा दुखतो. आई गेली, मग बाबा गेले. बाबा गेल्यावर वर्षभराने कुणीतरी तो जुना अंक शोधून 'राज्यसंस्था' फोनवर फिरवली. पोरांना ती फार आवडली. माझ्या क्लासमधल्या एका मुलीच्या स्टेटसवर मी माझ्या बापाची अर्धी कविता पाहिली, खाली कवीचं नावही नव्हतं. मग चर्चा झाली, लेख आले, आणि विस्मृतीत गेलेला राजकीय कवी सापडल्याचं जाहीर झालं. शोधून काढणारे अर्थातच सर होते. त्यांनीच तर छापला होता.

ते माझ्या घरी आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काठी टेकत, प्रत्येक मजल्यावर थांबत वर आले, आणि मी दारात उभी राहून त्यांचा दम ऐकत होते. खाली जाऊन हात दिला नाही.

"आपले वडील काळाच्या पुढे होते," ते बसल्यावर म्हणाले.

"हो का? तेव्हा मागे होते."

त्यांना ते कळलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांना आठवतच नव्हतं. तो रविवार, युनिफॉर्ममधली मुलगी, गाड्या सोडत चला, काहीच नाही. माझी अर्धी हयात ज्या एका दुपारवर गेली ती त्यांच्या लेखी झालीच नव्हती. विसरले म्हणून त्यांना सोडून द्यावं असं मला वाटायला हवं होतं कदाचित. मला उलट वाटलं.

त्यांनी विचारलं, वडिलांनी अमुक ग्रीक वाचला होता का. मी म्हटलं, वाचला होता, अख्खा. जर्मन? अर्धा. त्यांचे डोळे चमकले. मी एक अक्षर खोटं बोलले नाही. कधी वाचला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग मी विचारलं, "सर, 'राज्यसंस्था' पूर्ण आहे ना? काही राहिलेलं नाही ना तिच्यातलं?"

"छे. मी स्वतः छापलीय ती. स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही."

मी आत जाऊन दुसरा चहा टाकला. त्यात आनंदाने आलं किसलं. त्याच वेळी बाहेर येऊन एक वाक्य बोलले असते तर त्यांचं पुस्तक फजितीतून वाचलं असतं आणि बाबांची कविताही पूर्ण झाली असती. मी बोलले नाही. म्हटलं, आधी छापू दे. छापलेलं मागे घेता येत नाही, हे मला याच माणसाने शिकवलं होतं.

पुस्तक आलं. मी एका बैठकीत वाचलं आणि मध्येमध्ये उशीत तोंड खुपसून हसले. 'एकेक सुटला' म्हणजे मोक्ष, म्हणून वेदान्ताचं प्रकरण. 'आपापल्या जागी गेला' म्हणजे ज्याने त्याने आपल्या जागी राहणं हाच न्याय, म्हणून ग्रीक. 'राज्य माझ्यावर आलं' यातल्या 'वर' या दोन अक्षरांवर वीसेक पानं होती. राज्य व्यक्तीच्या वर असतं आणि वरून तिच्यात उतरतं, म्हणून जर्मन. 'कुणीच दिसेना' म्हणजे माणसाची मूळची भीती आणि एकटेपण, म्हणून इंग्रज. आणि थाप. थापेवर सर्वांत मोठं प्रकरण होतं. थाप म्हणजे असत्य. राज्य टिकायला प्रजेला एक उदात्त असत्य सांगावं लागतं, कवी त्या असत्याची वाट पाहत उभा आहे, म्हणून परत ग्रीक. माझ्या बापाने पाठीवरच्या धप्प्याची वाट पाहिली होती आणि सरांनी त्याला थापाड्या करून ठेवलं होतं.

पुस्तकावर चर्चा ठेवली होती. छोटा हॉल, पण भरलेला. पुण्यातला कार्यक्रम, त्यामुळे सहा म्हणजे सहाला सुरू झाला आणि सव्वासहाला आलेल्यांकडे लोकांनी वळून पाहिलं. सर तासभर बोलले. बोलतात सुंदर, हे मान्य करायला हवं. लोक माना डोलवत होते. 'वर'पाशी आले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले. मग कवीची कन्या म्हणून मला शाल आणि नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी आधी छापलेलं कडवं जसंच्या तसं वाचलं. हॉल गंभीर. मग म्हटलं, "आता समजा, संध्याकाळ आहे. गल्ली आहे. आपण सगळे आठ-नऊ वर्षांचे आहोत आणि लपाछपी खेळण्यासाठी चकतोय." आणि तळहात उलटासुलटा करून दाखवला. एवढंच केलं. मग तेच कडवं परत वाचलं, घाई न करता.

'एकेक सुटला'ला मागून एक बाई फिसकन हसल्या. 'उरलो मी'ला आणखी दोघं-तिघं. 'राज्य माझ्यावर आलं' म्हटलं आणि अख्खा हॉल फुटला. थापेच्या ओळीपर्यंत मला पोचूच दिलं नाही. कुणीतरी मधूनच मोठ्याने "धप्पा" म्हणालं. डोळे मिटलेले प्राध्यापकही रुमालात तोंड घालून हसत होते. हसणं ओसरल्यावर मी सांगितलं, की या कवितेचं एक पहिलं कडवं होतं, त्यात हा खेळ होता, आणि संपादकांनी ते बालिश म्हणून कापलं. ते संपादक इथेच व्यासपीठावर आहेत. मग शाल नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले.

सर समोरच्या माइककडे बघत होते. त्यांना आठवलं होतं. ते आठवताना मला बघायला मिळालं. मला फार बरं वाटलं. एवढं बरं मला माझ्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

चहाच्या वेळी माझ्याभोवती गर्दी होती. ती पांगल्यावर ते काठी टेकत आले. मला वाटलं, खवचट काहीतरी बोलतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"आपल्याला ते कडवं आठवतंय?" त्यांनी विचारलं.

"आठवतंय."

"म्हणा." त्यांनी निमंत्रणपत्रिका उलटी केली आणि खिशातून पेन काढलं. "पुढच्या आवृत्तीत कविता पूर्ण छापू. वर मी लिहीन की हे मी कापलं होतं, माझी समज तोकडी पडली. पुस्तक मोडीत निघालं तरी चालेल. ते कडवं जायला नको."

यासाठी मी तयार नव्हते. समोर एक म्हातारा माणूस पेन धरून उभा होता आणि खरं बोलत होता. एवढंच करायचं होतं, की साबण लावलेल्या गालांनी म्हटलेल्या त्या ओळी मी उच्चारायच्या. बाबांनी लगेच म्हटल्या असत्या. वर त्यांना बसायला खुर्चीही दिली असती.

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"नाही सांगणार. तुम्हाला एकदा दिलं होतं ते."

त्यांनी पेनला टोपण लावलं. बराच वेळ लागला त्यांना ते लावायला. मग म्हणाले, "माझ्यावर सूड उगवला आपण. ठीक आहे, तो माझ्या वाट्याचा होता. पण मी काय, आज-उद्याचा. अर्धी राहणार ती त्यांची कविता."

खाली येऊन रिक्षा केली. घरी येईपर्यंत ते कडवं मनात दोनदा म्हटलं, अगदी स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता. पोटात जिंकल्याचा आनंद होता. तो बरेच दिवस पुरला. क्लासच्या मुलांना कुठून तरी कळलं होतं. एकाने फळ्यावर चार घटकांखाली पाचवा लिहिला, धप्पा. मी तो पुसला नाही.

कडवं मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. इथेही लिहिणार नाही. इथे लिहिलं तर ते कुठल्या तरी आवृत्तीत जाणार, आणि खाली सरांची टीप येणार.

गेल्या आठवड्यात सकाळी केस विंचरताना ते म्हणत होते आणि तिसऱ्या ओळीत अडले. एक शब्द येईना. दुपारी क्लासमध्ये शिकवताना एक शब्द सुचला, तो बसत होता. रात्री दुसरा सुचला, तोही बसत होता. दोन्ही बाबांचेच वाटतात. आई असती तर तिला विचारलं असतं. कच्चे कागद रद्दीत गेले, आणि स्वच्छ प्रत ज्यांच्या हातात पडली त्यांनी कापण्याआधी ती एकदा तरी वाचली असणार. दोनांतला कोणता, हे विचारायला आता जगात तेवढा एकच माणूस आहे. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी तो अजून लावलेला नाही.